सीडी गेलेली नसते, सेटअप अडलेला असतो

जुन्या गेमची सीडी टाकली आणि एरर आला की लोक लगेच म्हणतात, "सीडी गेली." बहुतेक वेळा सीडी ठणठणीत असते आणि गेमही. घोडं अडतं ते सेटअपपाशी, म्हणजे गेम कॉम्प्युटरवर बसवणाऱ्या प्रोग्रॅमपाशी.

परवा मामेभावाचा फोन आला. नव्वदच्या दशकातला रेसिंगचा गेम. "ताई, डिस्कवर जागा नाही म्हणतंय, आणि इकडे तीनशे जीबी मोकळी पडलीये!" मी म्हटलं, अरे, जागा जास्त आहे हेच दुखणं आहे. त्या काळचे कितीतरी सेटअप मोकळी जागा 32 बिटच्या आकड्यात मोजायचे. त्यात जेमतेम 2,14,74,83,647 बाइट मावतात, म्हणजे 2 जीबी. त्यापुढे आकडा उलटतो, कधी ऋणही होतो, आणि सेटअपला वाटतं डिस्क भरली. एखादी मोठी फाइल टाकली किंवा काढली की तोच सेटअप कधीकधी मुकाट्याने चालतो, तो यामुळेच. त्याला सांगितलं, सेटअपवर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन विंडोज 95 निवड. तेवढ्याने भागलं. नसतं भागलं तर डिस्क मॅनेजमेंटमधून 1 जीबीची व्हर्च्युअल डिस्क (फाइलच, पण विंडोजला वेगळी डिस्क वाटते) करून गेम तिच्यात टाकायला लावला असता.

दुसरा नेहमीचा एरर, "धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युअर पीसी". गेम 32 बिटचा असला तरी त्याचा सेटअप पुष्कळदा 16 बिटचा असतो, आणि 64 बिटची विंडोज 16 बिटचं काहीच चालवत नाही. काही ठरावीक सेटअप ती ओळखते आणि स्वतःजवळचा 32 बिटचा जोडीदार पुढे करते, पण सगळे नाही. अशा वेळी मी आधी ओटीव्हीडीएम वापरून बघते, म्हणजे 64 बिटच्या विंडोजवर 16 बिटचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर. नाहीच जमलं तर सीडी उघडून आत डेटा1.कॅब आहे का ते पाहते; गेमच्या फाइली तिच्यात दाबून भरलेल्या असतात. ही फाइल साध्या झिपच्या सॉफ्टवेअरने उघडत नाही, त्यासाठी अनशील्ड नावाचं सॉफ्टवेअर लागतं. फाइल बाहेर काढल्यावरही गेम रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, नोंदी शोधत बसतो. त्या हाताने भराव्या लागतात, आणि 32 बिटच्या गेमसाठी तिथल्याच वॉव6432नोड या कप्प्याखाली. 1996 चा सिव्हिलायझेशन 2 तर मुळातच 16 बिटचा, तिथे नुसता सेटअप सोडवून काही होत नाही.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. सेफडिस्कचं (सीडीची नक्कल रोखणाऱ्या यंत्रणेचं) कुलूप असलेले गेम विंडोज 10 वर चालत नाहीत, कारण त्याचा सेकड्राइव्ह नावाचा ड्रायव्हर सुरक्षेला धोकादायक म्हणून काढून टाकलाय. तो कुठूनतरी उतरवून परत बसवायचा सल्ला सर्रास दिला जातो. एका गेमपायी घरातला कॉम्प्युटर उघडा टाकू नका. गेम जीओजी या जुने गेम विकणाऱ्या वेबसाइटवर नव्याने मिळत असेल तर सरळ विकत घ्या.

आणि सीडी चालतायत तोवर त्यांच्या प्रती करून ठेवा. क्वेकसारख्या गेमचं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असतं, ते आयएसओमध्ये, म्हणजे सीडीची नेहमी काढतात त्या एका फाइलच्या प्रतीत, येत नाही. तिथे बिन आणि क्यू अशा दोन फाइलींची जोडीच काढा, आणि कव्हरवरची सीरियल की त्याच फोल्डरमध्ये टाइप करून ठेवा. शाई उडते.