रेल्वेचा पास

त्या गृहस्थांनी कोटाच्या आतल्या खिशातून कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं, तेव्हा क्षणभर मला बरंच वाटलं. रेल्वेचा पास. निवृत्त कर्मचाऱ्यांना मिळतो तो, फोटोसकट. माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. अण्णांचा पास आमच्याकडे देव्हाऱ्याशेजारच्या पत्र्याच्या डब्यात असायचा आणि त्याला हात लावायची आम्हा मुलांना बंदी होती. आणि मग लगेच लक्षात आलं, मतदानाला चालणाऱ्या ओळखपत्रांच्या यादीत हे कार्ड नाही.

४ मे २०२३, गुरुवार. इंग्लंडमधलं स्विंडन. नगर परिषदेची निवडणूक होती आणि मी एका मतदान केंद्रावर पोल क्लार्क, म्हणजे यादी तपासून मतपत्रिका देणारी कर्मचारी होते. पूर्ण इंग्लंडमध्ये मतदानाला फोटो ओळखपत्र सक्तीचं होण्याची ती पहिली वेळ. तोपर्यंत, एखादा प्रयोग सोडला तर, इथे नाव आणि पत्ता सांगितला की मतपत्रिका हातात पडायची. (ज्यांना ओळख पटू नये अशी इच्छा असेल त्यांच्यासाठी काही तपशील मी इथे बदलले आहेत.)

खरं सांगते, मी त्या नियमाच्या बाजूची होते. नुसतं नाव सांगून मतदान, हे मला भाबडेपणाचं वाटायचं. नवऱ्याशी मी त्यावरून वादही घातला होता. तो म्हणायचा, इथे तोतयेगिरी सिद्ध झालेली प्रकरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मी म्हणायचे, आपल्याकडे खेड्यातली म्हातारीसुद्धा कार्ड घेऊन येते, यांना काय अडचण आहे?

आमचं काम बाहेरून फार साधं दिसतं. सकाळी साडेसहाला पोचायचं, सातला रिकामी पेटी हजर असलेल्यांना दाखवून सील करायची, रात्री दहापर्यंत केंद्र सोडायचं नाही. डबा सोबत. बोटाला शाई नाही, यंत्र नाही. कागद, पेन्सिल आणि फुली. पण टेबलाच्या आमच्या बाजूला एक काम असं आहे की त्यात डोकं जराही इकडेतिकडे जाऊन चालत नाही. प्रत्येक मतपत्रिकेच्या मागे क्रमांक छापलेला असतो. वेगळ्या तक्त्यावर त्या क्रमांकासमोर मतदाराचा यादीतला क्रमांक लिहायचा. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते हादरलेच, ‘म्हणजे कुणी कुणाला मत दिलं ते कळतं की!’ कळू शकतं, पण तो तक्ता सीलबंद होतो, न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाही आणि वर्षाने नष्ट करतात. यादीत मतदाराच्या नावावर पट्टी धरून रेघ मारायची. एकाच घरात एकाच आडनावाची पाच माणसं असतात, आणि रेघ चुकून वरच्या ओळीवर गेली तर संध्याकाळी ती वरची व्यक्ती येते आणि तिचं मत कुणीतरी दिलेलं निघतं. मग तिला गुलाबी मतपत्रिका द्यावी लागते. आपल्याकडे ज्याला प्रदत्त मत म्हणतात, तेच. ती पेटीत पडत नाही, पाकिटात जाते, मोजणीत येत नाही. माझ्या हातून अशी चूक आजवर एकदाही झालेली नाही.

त्या दिवशी दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. एक गोव्याचं जोडपं आलं. स्विंडनमध्ये गोवेकर पुष्कळ आहेत. नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, बायकोकडे भारतीय. दोन्ही चालतात, एक युरोपचा म्हणून, दुसरा राष्ट्रकुलातला म्हणून. बायकोने माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचून मराठीत ‘कुठल्या तुम्ही?’ विचारलं.

त्यांच्यानंतर हे गृहस्थ. ऐंशीच्या पुढचे. हातात घरी आलेलं मतदानाचं पत्र (पोल कार्ड) होतं. माझ्या शेजारची क्लार्क त्यांना बघताच उठून उभी राहिली; ती लहानपणी त्यांच्याच गल्लीत राहायची. त्यांनी नाव सांगायच्या आधीच तिने ते उच्चारलं होतं.

मी ओळखपत्र मागितलं. त्यांनी पत्र पुढे केलं. मी म्हटलं, पत्राने भागणार नाही. ते म्हणाले, ‘मागे तर चाललं होतं.’ आणि ते खरं होतं! २०१८ साली स्विंडनमध्ये ओळखपत्राचा प्रयोग झाला, तेव्हा हेच पत्र ओळख म्हणून चालत होतं. पाच वर्षांनी तेच पत्र निरुपयोगी. मग त्यांनी पास काढला.

पासपोर्ट? मुदत संपलेला असला तरी चालेल, मी सांगितलं. कधी काढलाच नाही. लायसन्स? गाडी बायको चालवायची. ज्येष्ठांचा बसपास? ‘रेल्वेचा पास असताना बसचा कशाला काढू?’

अण्णांनीही हेच उत्तर दिलं असतं.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांना मोफत मतदार प्रमाणपत्र मिळत होतं, पण त्यासाठी अर्जाची मुदत २५ एप्रिलला संपली होती. ओळखपत्र हरवलं असेल तर मतदानाच्या दिवशी पाचपर्यंत आपल्या वतीने मत देणारा प्रतिनिधी नेमता येतो. पण यांचं हरवलं नव्हतं. यांच्याकडे ते नव्हतंच. केंद्राध्यक्ष बाई उठून आल्या, पास उलटसुलट करून पाहिला, छापील यादी पुन्हा एकदा वाचली. नाही. नाही म्हणण्याचा अधिकार त्यांचा, पण पहिलं ‘नाही’ माझ्या तोंडून गेलं होतं.

शेजारची म्हणाली, ‘मी यांना चाळीस वर्षं ओळखते.’ केंद्राध्यक्ष म्हणाल्या, ‘मीही ओळखते.’ कायद्यात त्याला जागा नव्हती.

ते रागावले नाहीत. पास पुसून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘पंधराव्या वर्षी कारखान्यात लागलो.’ तेवढंच. १८४३ साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना इथे सुरू झाला, त्याच्याभोवती आजचं हे गाव वाढलं, आणि १९८६ साली तो बंद पडला. भुसावळही असंच रेल्वेमुळे वाढलेलं.

ओळखपत्राअभावी परत गेलेल्यांची नोंद ठेवायच्या फॉर्मवर मी एक खूण केली. परत आले तर दुसरी खूण करायची असते. रात्री दहापर्यंत मी दाराकडे बघत होते.

देशभरात त्या दिवशी सुमारे १४,००० माणसं अशी मत न देता परत गेली, असं निवडणूक आयोगाने नंतर सांगितलं. त्यात दारावरचा फलक वाचून टेबलापर्यंत न येताच वळलेले धरलेले नाहीत. तसे दोघे मी स्वतः खिडकीतून पाहिले. जिथे तीनातले दोघे मतदानाला फिरकतच नाहीत, तिथे आलेल्या माणसाला परत पाठवायचं, हे मला अजून पचलेलं नाही. आणि माझं स्वतःचं मत? मी ते आधीच पोस्टाने दिलं होतं. पोस्टाला फोटो लागत नव्हता. सही आणि जन्मतारीख जुळली की झालं. त्या गृहस्थांनी एप्रिलच्या मध्यापर्यंत पोस्टासाठी अर्ज केला असता, तर त्यांनाही कुणी फोटो मागितला नसता.

शनिवारी अण्णांना फोन केला. त्यांनी रेल्वेत असताना कितीतरी निवडणुकांची ड्युटी केलेली. सगळं ऐकून म्हणाले, ‘अगं, आपल्याकडे तो पास चालला असता.’ नेमका तो पास चालला असता का, हे मला सांगता येत नाही. पण आपल्या आयोगाच्या यादीत मतदार कार्ड नसेल तर सरकारी नोकरीचं फोटो ओळखपत्र चालतं, फोटो असलेलं पेन्शनचं कागदपत्रही चालतं. ज्या भारताचं उदाहरण देऊन मी वाद घालत होते, तिथेही मी फक्त कार्डच पाहिलं होतं. त्या कार्डामागची ती लांबलचक यादी माझ्या ध्यानातच आली नव्हती.

पुढच्या वर्षी, २ मे २०२४ ला, मला तेच केंद्र मिळालं. सकाळी यादी उघडल्यावर आधी त्यांची गल्ली काढली. नाव होतं. नावाआधी ‘ए’ अक्षर होतं, म्हणजे पोस्टाने मत देणारे. शेजारच्या क्लार्कला मी ते दाखवलं. तिने पाहिलं, मान हलवली, आणि आम्ही पेटी सील करायला उठलो.