स्टॉकहोम, भाऊजींच्या नोटा आणि लाल दिवा

बँकेत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली अकरा कॅशवर. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जे हसू येणार आहे ते आत्ताच येऊन जाऊ दे.

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं मुलीकडे जर्मनीत आखेनला गेलो होतो. तिथून तीन दिवस स्टॉकहोम. व्हिसा, विमान, हॉटेल, विमानतळावरून शहरात आणणारी बस, सगळं मुलीने करून दिलं होतं. त्यात सांगण्यासारखं काहीच नाही. "आई, तिथे फक्त कार्ड चालतं हं," असं ती दोनदा म्हणाली होती. मी म्हटलं, कार्ड आहे की. शिवाय रोकडही होती. माझे दीर दहा-पंधरा वर्षांपूर्वी कंपनीच्या कामाला स्वीडनमधल्या वेस्टेरोसला राहिले होते, त्यांनी पाकिटात जपून ठेवलेल्या स्वीडिश क्रोनाच्या नोटा, पाचशेच्या चार, विसाच्या दोन आणि थोडी चिल्लर निघताना माझ्या हातात दिली. "वहिनी, तिकडे कॉफी प्या माझ्याकडून."

टी-सेंट्रालेन हे तिथल्या मेट्रोचं मुख्य स्टेशन. तिन्ही मार्ग तिथे मिळतात. फाटकाशी कार्ड टेकवायचं, दार उघडतं, पंचाहत्तर मिनिटं कुठेही फिरा, बाहेर पडताना पुन्हा टेकवायची गरज नाही. आमच्या पुढची मुलं-माणसं न थांबता टिक, टिक करत आत जात होती. मी टेकवलं, लाल. उलटं करून टेकवलं, लाल. साडीच्या पदराला पुसून टेकवलं, लालच. मागे पाच-सहा माणसं उभी. कोणी काही बोलत नाही, तिकडे बोलतच नाहीत, आणि त्यानेच जास्त ओशाळायला होतं. मशीनवर गेले, कार्ड आत घातलं, पिन दाबला. व्यवहार नाकारला.

म्हटलं, हरकत नाही, रोकड आहे. स्टेशनातल्या दुकानात तिकिटं मिळतात. काउंटरवरच्या पोरीने भाऊजींची पाचशेची नोट हातात घेतली, उजेडात धरली आणि हसली. तुच्छतेने नव्हे, आपल्याकडे कोणी एक आण्याचं नाणं पुढे केलं तर आपण हसू, तसं. म्हणाली, ही आता चालत नाही. नोटेवर लांब केसांचा राजा अकरावा कार्ल होता. नव्या पाचशेवर बिर्गिट निल्सन ही ऑपेरा गायिका आहे. स्वीडनने २०१५ ते २०१७ मध्ये सगळ्या नोटा आणि बहुतेक नाणी बदलली. जुन्या वीस, पन्नासच्या नोटा ३० जून २०१६ नंतर आणि शंभर, पाचशेच्या ३० जून २०१७ नंतर बाद. म्हणजे नोटबंदी तिकडेही झाली, फक्त रात्री आठ वाजता टीव्हीवर कोणी आलं नाही, आणि वर्ष-दोन वर्षं आधी सांगून झाली. बाद नोटा त्यांची मध्यवर्ती बँक अर्ज करून, शुल्क कापून बदलून देते, पण ते काही फाटकाशी उभं राहून व्हायचं काम नव्हे. अकरा वर्षं नोटा मोजलेली बाई मी. हातात येताच नोटेचं साल बघायचं सुचलं नाही.

हे तेवढ्यात म्हणाले, "चल, चालत जाऊ." सामान घेऊन? माझा पारा तिथे चढला.

आता कार्डाचं. आपल्या रिझर्व्ह बँकेने २०२० साली नियम केला की नवीन कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनवर चालेल. परदेशातला वापर, ऑनलाइन आणि नुसतं टेकवून पैसे देणं, हे ज्याचं त्याने चालू करून घ्यायचं. नियम चांगला आहे. निवृत्तीआधी मी स्वतः शेकडो गिऱ्हाइकांना हे काउंटरवर समजावलंय. माझं जुनं कार्ड संपून मार्चमध्ये नवीन आलं आणि मी ते तसंच पर्समध्ये टाकलं.

बँकेचं ॲप उघडून दोन बटणं सरकवायची, एवढंच काम. ॲप उघडलं. ॲप म्हणालं, तुमचं सिम बदललेलं दिसतंय, नव्याने नोंदणी करा. माझ्या फोनला सिमची जागा एकच, त्यात जर्मनीचं सिम. भारतातलं सिम कुठे? कुंकवाच्या डबीत, डबी पिशवीत, पिशवी बॅगेच्या तळाशी. टी-सेंट्रालेनच्या फरशीवर मी बॅग उघडून बसले. पापडांचं पाकीट, मुलीने न घेतलेला मेतकुटाचा डबा, ह्यांचे मोजे, असं सगळं स्वीडिश जनतेसमोर. सिमचा ट्रे उघडायची पिन अर्थातच आखेनला राहिलेली. ब्लाउजची सेफ्टीपिन चालली. सिमला कुंकू लागलं होतं, ते रुमालाने पुसून घातलं.

नोंदणी करायला त्याच सिमवरून एक एसएमएस जावा लागतो. परदेशातून एसएमएस जायला रोमिंग लागतं. रोमिंग मी घेतलं नव्हतं, "उगाच कशाला" म्हणून. ह्यांच्या फोनवर स्टेशनचं फुकटचं वायफाय चालत होतं. मुलीला लावला, ती प्रयोगशाळेत, फोन बंद. मग सांगलीला भाच्याला लावला. तिकडे दुपारचे अडीच, तो जेवत होता. "आत्या, तू आधी बँकेला फोन कर ना." बँकेला! बँकेची मदतवाहिनी त्याने लावली, पंधरा मिनिटं गाणं ऐकलं, आणि उत्तर आलं की खातेदाराने नोंदवलेल्या नंबरवरूनच बोलावं. नोंदवलेला नंबर माझ्या हातात होता, मुका. त्या बाईंचीही चूक नाही, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं. तरी राग आलाच.

भाच्याने रोमिंगचा पॅक मारला. पॅक सुरू व्हायला पस्तीस मिनिटं. फोनवर नेटवर्क येतं, जातं, येतं. एसएमएस पाठवला, गेला नाही. पुन्हा पाठवला, गेला नाही. फोन बंद करून चालू केला, तिसऱ्या वेळी गेला. ॲप उघडलं, परदेशी वापराचं बटण सरकवलं, उठून फाटकाशी गेले. लाल. तेव्हा मी खरंच "अरे देवा" असं मोठ्याने म्हटलं. परत बसले. बघते तर परदेशी वापराखाली चार वेगळी बटणं: एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप. मी फक्त दुकान चालू केलं होतं. चौथं सरकवलं. हिरवा.

मी आत, हे बाहेर. एक कार्ड एका माणसालाच. "तू जा, मी येतो चालत," हे काचेपलीकडून. मी बाहेर आले. शेवटी खिडकीवर जाऊन बहात्तर तासांची दोन तिकिटं घेतली. तुम्ही पहिल्यांदाच हेच करा. त्यात मेट्रो, बस, ट्राम आणि स्लुसेनहून यूरगोर्डेन बेटावर जाणारी फेरीबोटही येते. त्या बोटीसाठी वेगळं सहलीचं तिकीट काढणारे लोक आम्ही पाहिले.

दहाला आलो होतो, पावणेएक वाजला होता. निळ्या मार्गाच्या फलाटावर उतरलो तर खडकाच्या छतावर निळ्या वेली रंगवलेल्या. १९७५ मध्ये पेर ओलोफ उल्टव्हेड्टने रंगवल्या आणि स्टेशन बांधणाऱ्या गवंडी-सुतारांच्या आकृत्याही भिंतीवर काढल्या. मी तिथे बाकावर बसून पाणी प्यायले आणि दहा मिनिटं उठलेच नाही.

बाकीचं भराभर सांगते. वासा बघाच. १० ऑगस्ट १६२८ ला चौसष्ट तोफांचं हे जहाज पहिल्याच फेरीत जेमतेम तेराशे मीटर जाऊन, सगळ्या गावासमोर बंदरात बुडालं. १९६१ साली वर काढलं. एवढा थाट, आणि वर जड, खाली हलकं. मला त्या जहाजाबद्दल फार आपुलकी वाटली. सिटी हॉल आतून फक्त त्यांच्या वाटाड्याबरोबरच बघता येतो, म्हणून सकाळी आधी तिकडे जा. नोबेलची मेजवानी होते तो 'निळा हॉल' निळा नाही, लाल विटांचा आहे. विटा इतक्या देखण्या झाल्या की वास्तुकार एस्टबेर्गला त्यावर निळा रंग द्यायचं जिवावर आलं. नाव राहिलं. तिथली महागडी कॉफी मी प्यायले नाही, असं म्हणणार होते, पण प्यायले. वेलचीचा बन सुरेख असतो.

गामला स्तान, म्हणजे जुनं गाव, पायी फिरा, तिथे तिकीट नाही. मोर्टेन ट्रॉटसिगची गल्ली सगळ्यात अरुंद जागी नव्वद सेंटिमीटर. पुण्यातल्या वाड्याचा बोळ आठवला. तिथून जवळच फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात गुडघे पोटाशी घेऊन चंद्राकडे बघत बसलेला पंधरा सेंटिमीटरचा लोखंडी पोरगा आहे. लोक त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, पुढ्यात नाणी ठेवतात. भाऊजींच्या चिल्लरीतलं एक जुनं क्रोना तिथे ठेवलं. ते बाद आहे हे त्याला कोण सांगणार.

तिथल्या एका फलकावरून कळलं ते असं, की युरोपातल्या पहिल्या कागदी नोटा १६६१ साली ह्याच शहरातून निघाल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं, हे गालातल्या गालात हसत होते.

आणि हो, राहिलंच. स्टेशनातलं स्वच्छतागृहही कार्डावरच उघडतं. त्या पावणेतीन तासांत मला हे कळलं, कसं ते विचारू नका. संग्रहालयांत आत गेल्यावर फुकट असतं, तिथे जाऊन घ्या. भारतातलं सिम फोनमध्येच ठेवा, दोन सिमचा फोन नसेल तर जर्मनीचं सिम ह्यांच्या फोनमध्ये घाला. चारही बटणं घरूनच सरकवा. पिन पाठ असू द्या, आणि सेफ्टीपिना असतातच आपल्याजवळ.

नोटा परत आणून भाऊजींना दिल्या. त्यांनी मोजल्या, चार पाचशे, दोन वीस. "चिल्लर कमी आहे," म्हणाले.