प्रकाश देणारे चित्र

संगणकावर घडवलेले दृश्य खरे वाटायचे असेल, तर वस्तूंच्या बारकाव्यांआधी त्यांच्यावर पडणारा प्रकाश खरा हवा, असे माझे ठाम मत आहे. आणि त्यासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे तो प्रकाश प्रत्यक्ष जागेवरूनच टिपून आणणे. संगणक-संशोधक पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये वेगवेगळ्या एक्सपोजरच्या, म्हणजे कॅमेऱ्यात कमी-जास्त प्रकाश घेतलेल्या फोटोंवरून दृश्यातील प्रकाशाची मूल्ये काढण्याची रीत मांडली. पुढच्याच वर्षी डेबेवेक यांनी आरशासारख्या गोळ्याचे असे फोटो घेऊन त्यांच्या उजेडात कृत्रिम वस्तू रेंडर करून, म्हणजे संगणकाकडून चित्ररूपात घडवून दाखवल्या.

साधा जेपेग फोटो इथे का चालत नाही? पेटलेली ट्यूबलाइट आणि तिच्यालगतची पांढरी भिंत, दोन्ही त्यात २५५ या कमाल आकड्याशी अडतात. हा फोटो दिवा म्हणून वापरला, की भिंतही ट्यूबइतकाच प्रकाश देऊ लागते आणि टेबलाखालची सावली पुसट होते. शिवाय हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात: १२८ म्हणजे निम्मा प्रकाश नव्हे, जेमतेम २२ टक्के. म्हणूनच वेगवेगळ्या एक्सपोजरचे फोटो एकत्र करून झालेले अंतिम चित्र एचडीआर किंवा ईएक्सआर (प्रकाशाचा मोठा पल्ला साठवणाऱ्या) फाइलमध्ये, प्रकाशाच्या थेट प्रमाणातल्या मूल्यांसह साठवावे लागते.

फोटो काढताना ट्रायपॉड हलू द्यायचा नाही. अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) पक्के ठेवून फक्त शटरचा वेग बदलायचा. एक सेकंदापासून १/४००० सेकंदापर्यंत गेले तर बारा स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) पल्ला मिळतो. घरातल्या दृश्याला तो बहुधा पुरतो, उघड्या सूर्याला मात्र मुळीच नाही. सूर्याचा व्यास आकाशात जेमतेम अर्धा अंश असतो, म्हणजे ४०९६ पिक्सेल रुंदीच्या संपूर्ण पॅनोरमात (चहूबाजूंच्या ३६० अंशांच्या चित्रात) तो सुमारे सहा पिक्सेल व्यापतो. पण निरभ्र दिवसाचा बहुतांश प्रकाश त्या इवल्याशा ठिपक्यातूनच येतो. तो ठिपका कमाल आकड्याशी अडून कापला गेला, तर आकाश कितीही सुंदर दिसो, सावल्यांची धार जाते. त्यासाठी गडद एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लावून सूर्याचे वेगळे फोटो घ्यावेत.

जागेवरच एका करड्या, चकाकी नसलेल्या गोळ्याचा फोटो घेऊन ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. नंतर तसाच गोळा तयार चित्राच्या प्रकाशात रेंडर करून दोन्ही शेजारी ठेवावेत. सावलीची बाजू जुळते पण उन्हाची बाजू फिकी पडते, असे दिसले, तर सूर्य अजून पुरता टिपला गेलेला नाही.