आमची वाटचाल : फ्लुओरीनविना फेस

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना मुळात कापडगिरण्यांना वेटिंग एजंट (कापड पटकन भिजवणारी रसायने) पुरवत असे. गिरण्यांचे काम आटल्यावर आम्ही तेलाच्या आगीवर मारायच्या फेसाची द्रावणे करू लागलो आणि त्यांत फ्लुओरोसर्फॅक्टंट, म्हणजे पाण्याचा पृष्ठताण उतरवणारी फ्लुओरीनयुक्त रसायने, वापरू लागलो. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. साधा सर्फॅक्टंट तो २५ ते ३० पर्यंत उतरवतो, तर फ्लुओरीनवाला १६-१७ पर्यंत, आणि म्हणूनच पाण्याचा पातळ पापुद्रा पेट्रोलवर पसरू शकतो.

२००९ साली पीएफओएस आणि २०१९ साली पीएफओए ही याच कुळातली फ्लुओरीनवाली रसायने स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेली. कार्बन-फ्लुओरीनचा बंध निसर्गात सहसा तुटत नाही, त्यामुळे सरावाच्या मैदानावर मारलेला फेस झिरपून विहिरीपर्यंत पोहोचतो. म्हणून फ्लुओरीनला पर्याय शोधताना आम्ही आधी सिलिकोनकडे वळलो. ट्रायसिलोक्सेन या सिलिकोनवाल्या सर्फॅक्टंटने पृष्ठताण २०-२२ वर आला खरा, पण पापुद्र्याला तेवढे पुरेना; शिवाय द्रावणाचा सामू उदासीन राहिला नाही की रेणूच फुटायचा, त्यामुळे साठवणीतले पिंप काही महिन्यांनी निकामी होई.

अखेर ग्लुकोज आणि खोबरेलापासूनचे फॅटी अल्कोहोल यांच्यापासून बनणारा अल्किल पॉलिग्लुकोसाइड हा सर्फॅक्टंट घेतला, जोडीला द्रावण दाट करणारा झॅन्थन गम. मागच्या अंगणातल्या लोखंडी परातीत हेप्टेन (पेट्रोलसारखे ज्वलनशील द्रव) पेटवून चाचणी घेत असू. आग विझायची, पण फेसात इंधन मिसळून बुडबुडे बसत आणि परातीच्या कडेला निळसर ज्योत पुन्हा धावायची. पापुद्र्याचा नाद सोडून फेसाची गोधडीच टिकवायची, हे ठरायला आम्हाला दोन वर्षे लागली, आणि ती उगाच घालवली असे मला आजही वाटते. त्यानंतर आमचे सारे लक्ष फेसातले पाव पाणी निथळायला किती वेळ लागतो, यावर राहिले.

गमामुळे द्रावण मधासारखे दाट झाले आणि एका ग्राहकाच्या जुन्या प्रपोर्शनरमधून (पाण्यात द्रावण ठरावीक प्रमाणात मिसळणाऱ्या यंत्रातून) ते ओढलेच जाईना. त्याच्यासाठी गम कमी करून नोझल बदलावा लागला. दुसऱ्या एका ग्राहकाने त्याच्या टाकीतला नमुना तपासून घेतला, तर आमच्या मालात फ्लुओरीन निघाले. टाकी नुसत्या पाण्याने धुतलेली होती आणि जुन्या द्रावणाचा थर आतून तसाच चिकटलेला होता. तेव्हापासून टाकी आणि पाइप रीतसर धुतल्याशिवाय आम्ही माल भरून देत नाही, यावरून दोन ऑर्डरी हातच्या गेल्या तरीही.