बत्तीस सेकंद

साताऱ्यात मंगळवार पेठेतल्या त्या घरी मी महिन्याभरात तिसऱ्यांदा गेलो होतो. तक्रार तीच : इंटरनेटवर चालणारा लँडलाइन बोलता बोलता कट होतो. पहिल्या खेपेला वायर बदलली. दुसऱ्या खेपेला फोनचा अडॅप्टरच, म्हणजे फोन इंटरनेटला जोडणारी छोटी पेटी, नवा लावला. दोन्ही वेळा तिथूनच माझ्या मोबाइलला फोन लावून बघितला, पाच-पाच मिनिटं चांगला चालला, म्हणून सही घेऊन निघालो होतो.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, एक्स्चेंजच्या बॅटरी रूमला काम केलेले. या वेळी त्यांनी मला राउटरला हातच लावू दिला नाही. "बस आधी. चहा होईपर्यंत हे वाच," म्हणाले आणि एक वही पुढ्यात ठेवली.

लाल पेनानं रकाने आखलेले. तारीख, वेळ, आलेला की केलेला, किती सेकंद. बडोदा, आलेला, ३२. कराड, आलेला, ३२. पुन्हा बडोदा, ३२. केलेले फोन मात्र चार मिनिटं, अकरा मिनिटं. मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत त्यांनी दोन आठवडे ही नोंद ठेवली होती. लेक बडोद्याहून रोज फोन करायची आणि "जेवलात का"च्या पुढे बोलणं जातच नव्हतं.

तो आकडा बघितला आणि मला दोष कुठे आहे ते कळलं. नेट स्लो असतं तर फोन कधी दहा सेकंदांनी तुटला असता, कधी दोन मिनिटांनी. दर वेळी बरोबर ३२ म्हणजे कुणीतरी वाट बघून थांबतंय.

आलेला फोन आपण उचलला की अडॅप्टर पलीकडे "उचलला" असा निरोप धाडतो आणि "पोचला" असं उलट उत्तर यायची वाट बघतो. उत्तर आलं नाही तर तोच निरोप अर्ध्या सेकंदानं पुन्हा, मग एक सेकंदानं, दोन सेकंदांनी, पुढे दर चार सेकंदांनी. सिप नावाच्या ज्या नियमांवर हे फोन चालतात, त्यांत ही मुदत अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट धरली आहे, म्हणजे ३२ सेकंद. तोवर उत्तर नाही आलं तर अडॅप्टर फोन बंद करतो. बोलण्याचा आवाज वेगळ्या वाटेनं जातो, म्हणून तेवढा वेळ तो स्वच्छ येत होता. माझी चाचणी घरातून बाहेर केलेल्या फोनची होती. त्यात हे उत्तर आपल्याच अडॅप्टरनं द्यायचं असतं, म्हणून दोष दिसलाच नाही.

लॅपटॉप जोडला, काकांना मोबाइलवरून फोन लावला आणि अडॅप्टरचा लॉग, म्हणजे आल्या-गेल्या निरोपांची नोंद, उघडून ठेवला. "उचलला" हा निरोप बरोबर अकरा वेळा गेला होता. उलट उत्तर कुठे यायचं तो पत्ता त्या निरोपातच असतो. अडॅप्टरचा घरातल्या नेटवर्कमधला पत्ता, १९२.१६८नं सुरू होणारा, बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाही. तो बदलून द्यायला राउटरमध्ये 'सिप एएलजी' नावाची सोय होती. ती पत्ता बरोबर लिहीत होती, पण पोर्टचा, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा, आकडा चुकवत होती, म्हणून उत्तर अडॅप्टरपर्यंत पोचतच नव्हतं. सोय बंद केली, अडॅप्टरमध्ये स्टन, म्हणजे त्यानं आपला बाहेरचा पत्ता स्वतःच विचारून घ्यायची सोय, चालू केलं, दोन्ही पेट्या बंद करून पुन्हा चालू केल्या.

काकांनी बडोद्याला मिस्ड कॉल दिला. लेकीचा फोन आला. ते बोलतच नव्हते, नुसते घड्याळ बघत होते. तीस. बत्तीस. चाळीस. पलीकडून "बाबा? बाबा, ऐकू येतंय का?" तेव्हा कुठे म्हणाले, "येतंय, बोल तू." मग मला खूण करून आतल्या खोलीकडे पाठ फिरवून बसले. चहा पार निवला होता. मी तसाच प्यायलो. वहीत पुढची नोंद पडली : बडोदा, आलेला, २६ मिनिटं.

निघताना त्यांनी दारात अडवलं. "पोरा, लाइट गेल्यावर काय? आमच्या वेळी तांब्याच्या तारेतून ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधूनच यायचे. गाव अंधारात, पण फोन चालू." त्यांचं खरं होतं. इथे वीज गेली की राउटरही गेला आणि अडॅप्टरही. पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या घरी हे चालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेऊन गेलो. दोन्ही पेट्या त्यावर जोडल्या. काकांनी स्वतः मेन स्विच खाली ओढला, अंधारात रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि डायल टोन ऐकत बराच वेळ तसेच उभे राहिले.