दोन वर्षांचं शिक्षण

रात्रीचे सव्वादोन. पुस्तक मिटून उशीखाली सरकवलं, तरी झोप नाही.

राग आलाय. त्या ताडी काढणाऱ्याचा.

आमोस टुटुओलाची 'द पाम-वाइन ड्रिंकार्ड', 1952 ची. तो लागोसला सरकारी कचेरीत शिपाई होता. त्याचं इंग्रजी मोडकं म्हणून नायजेरियातल्याच शिकलेल्यांना लाज वाटली. मला तर कोणी अंधारात बसून योरुबा लोकांची गोष्ट सांगतंय असं वाटत राहिलं. नायकाला दहाव्या वर्षापासून ताडीचा नाद. बापाने 5,60,000 झाडांची बाग दिलेली आणि ताडी काढायला एक माणूस. तो झाडावरून पडून मरतो. तशी ताडी दुसऱ्या कोणाला जमेना, म्हणून हा त्याला आणायला थेट मेलेल्यांच्या गावी निघतो.

बाजारातला तो देखणा गृहस्थ वाटेत एकेक अवयव ज्याचा त्याला परत करत जातो, भाड्यापोटी पैसे मोजतो आणि शेवटी नुसती कवटी उरते. तिथे मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. पुढे नायक आणि त्याची बायको आपलं मरण विकतात, 70 पौंड 18 शिलिंग 6 पेन्सला. भीती मात्र व्याजाने देतात, महिना साडेतीन पौंड. निघताना ती परत घ्यावी लागते. आयसीयूबाहेरच्या त्या बाकावर मला असं गिऱ्हाईक भेटलं असतं तर... जाऊ दे.

शेवटी तो माणूस सापडतो. ताडी पाजतो. सांगतो, मेल्यावर दोन वर्षं शिकत होतो, पुरता मेलेला झालो तेव्हा इथे आलो. आता जिवंतांबरोबर राहता येणार नाही.

दोन वर्षं. येत्या अमावास्येला अण्णांनाही दोनच होतील.

येत नाही तर नको येऊस. पण इतक्या लांबून आला रे तो! करमत नाही, एवढं तरी म्हणायचंस.

अण्णा काहीही शिकायचे ते वही घालून. पेटी शिकले तेव्हाची वही माझ्याकडेच आहे. समासात तांबड्या पेनाने तारीख, आणि अलंकार बसला की पुढे एकच शब्द, 'जमलं'. तिथेही तसंच शिकले असतील, मन लावून. आता वही भरलीही असेल. हे मनात आलं आणि राग कुठे गेला कळलं नाही. रडू मात्र आलं.

त्याने ताडी पाजली, हे मघाशी मी नीट वाचलंच नव्हतं. त्याला जे येत होतं ते त्याने दिलं.

माझं अजून जमलेलं नाही. आईचं काय, ते विचारायचा धीर होत नाही. पुस्तकातलं अंड्याचं प्रकरण राहिलंय, ते उद्या.