सात सेंटिमीटरचा फळा

रेड अलर्ट लागला की मुंबईतल्या शाळा बंद होतात आणि ग्रुपवर ऑनलाइन तासाची लिंक येते. लॅपटॉपवर देखणी वाटणारी स्लाइड मुलाच्या हातात किती उरते, ते आधी मोजा. ३३ सेंटिमीटर रुंद स्लाइड उभ्या फोनवर ७ सेंटिमीटरची होते. म्हणजे २४ पॉइंटचं अक्षर जेमतेम ५ पॉइंटचं. अनुस्वार पुसट होतात, जोडाक्षरं एकमेकांना चिकटतात. ४० पॉइंटच्या खाली जाऊ नका, ओळी चारच ठेवा आणि मुलांना फोन आडवा धरायला सांगा.

त्यापेक्षा हातानं लिहिलेलं बरं. पुस्तकांची ३० सेंटिमीटर उंच चळत रचा, वर फोन असा आडवा ठेवा की कॅमेरा कडेबाहेर येऊन खालच्या कागदाकडे पाहील, आणि फोनवर एक जाड पुस्तक. ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर असेल तर फोनचीच सावली कागदावर पडते, म्हणून उजेड खिडकीकडून, बाजूनं घ्या. बॉलपेनची रेघ पलीकडे दिसत नाही, स्केचपेन वापरा.

झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत तुटते, तेव्हा पाठ ३० मिनिटांचाच आखा. उरलेली मिनिटं "मॅडम, आवाज येत नाही" यात जातातच.

दर पाच-सहा मिनिटांनी मुलांच्या हाताला काम हवं. पाचवीचे सममूल्य अपूर्णांक घ्या. प्रत्येकानं वर्तमानपत्राची ४ सेंटिमीटर रुंद पट्टी कापायची, मधोमध दुमडायची, एक भाग रंगवायचा. पुन्हा दुमडून उलगडली की रंगीत भाग तेवढाच, पण घड्या सांगतात चारातले दोन. तिसऱ्यांदा दुमडण्याआधी थांबा आणि विचारा: आता किती भाग होतील? बरीच मुलं सहा म्हणतात, कारण ती दोन-दोन मिळवत जातात. हे 'सहा' मोलाचं आहे, लगेच खोडू नका. पट्टी उलगडून त्यांनाच मोजू द्या.

चॅटमध्ये पहिलं उत्तर आलं की बाकीचे तेच उतरवतात. "टाईप करा, पण पाठवू नका," असं सांगून मनात दहापर्यंत मोजा, मग "सोडा" म्हणा. ही शांतता शिक्षकालाच जड जाते. पण नेट मागे असतं, खोलीत कुकरची शिट्टी होत असते, माइक उघडायलाही वेळ लागतो.

काही घरांत एकच फोन असतो आणि तो दिवसभर बाबांबरोबर कामावर जातो. अशा मुलांसाठी तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आणि उलगडलेल्या पट्टीचा फोटो संध्याकाळी सातनंतर पाठवा. सकाळी पाठवलेलं रात्रीपर्यंत शंभर मेसेजखाली गाडलं जातं.